घंटा वाजली, तर दार कोण उघडणार?

पत्र: "ताई, माझी आई ७८ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून चार वर्षं ती एकटी राहते. मी आणि दादा दोघंही इतके लांब आहोत की निघायचं ठरवलं तरी पोहोचायला दीड दिवस जातो. दोन महिन्यांपूर्वी आई रात्री बाथरूमला जाताना पडली. उठता येईना, म्हणून पहाटेपर्यंत, जवळजवळ पाच तास, ती फरशीवरच होती. सुदैवाने हाड मोडलं नाही. पण तिने आम्हाला हे आठ दिवस सांगितलंच नाही, शेजारच्या काकूंकडून कळलं. तेव्हापासून दादाचा हट्ट आहे की प्रत्येक खोलीत कॅमेरा लावायचा, आणि तिला ते चालत नसेल तर वृद्धाश्रम बघायचा. आई म्हणते, 'माझ्या घरात मला कैद्यासारखं ठेवणार असाल, तर मला तुमचं काहीच नको.' मी रात्ररात्र जागून लांबून देखभाल करणाऱ्या सेवांची माहिती वाचते आहे. गळ्यातलं बटण, सेन्सर, औषधांची आठवण करणारा डबा, बीपी आपोआप डॉक्टरांना पाठवणारं यंत्र, चोवीस तासांचं कॉल सेंटर. यातलं काय घेऊ? आणि आईवर जबरदस्ती केल्यासारखं होणार नाही ना? – एक मुलगी"

उत्तर:

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा ते पाच तास डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या आठ दिवसांपाशी अडकले. पाच तासांवर यंत्र मिळतं. आठ दिवसांवर मिळत नाही, म्हणून सुरुवात तिथून करते.

आईने सांगितलं का नाही? तुम्हाला काळजी नको म्हणून, हे आहेच. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी जरा निवांत बोललं, की पडल्याचं लपवण्यामागचं आणखी एक कारण हळूहळू बाहेर येतं. पडलो म्हणून सांगितलं तर घर सोडावं लागेल, ही भीती. आईने मनात हिशेब मांडला असणार: गप्प बसले तर गुडघा दुखेल, बोलले तर घर जाईल. आणि दादाने पहिल्याच फटक्यात वृद्धाश्रमाचं नाव काढून तिचा हिशेब बरोबर ठरवला. दादाला मी दोष देत नाही. इतक्या लांबून आई फरशीवर पडल्याचं कळल्यावर माणसाच्या तोंडून काहीही निघतं. पण आता तुमच्यापुढचं पहिलं काम कुठलंही यंत्र निवडण्याआधीचं आहे. आईला स्वच्छ शब्दांत सांगा, की पडल्याचं सांगितलंस म्हणून तुला घरातून हलवणार नाही. हे दादाने स्वतः, स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. ही खात्री मिळाल्याशिवाय तिच्या गळ्यात घातलेलं कुठलंही बटण ती दाबणार नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा वर्षभर मागोवा घेतला होता. २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो अभ्यास आला. त्या वर्षात ६० टक्के लोक निदान एकदा पडले. पडलेल्यांपैकी ८० टक्के लोकांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नाही आणि ३० टक्के लोक तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिले. आता यातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट. यातल्या बऱ्याच जणांकडे मदतीसाठी घंटा होती, आणि जे बराच वेळ पडून राहिले त्यांतल्या बहुतेकांनी ती वाजवलीच नाही. कुणाला उगाच त्रास कशाला, कुणाला वाटलं उठू आपण आत्ता, कुणाच्या अंगावर घंटा नव्हतीच.

आमच्या घरातलं सांगते. माझ्या सासऱ्यांना आम्ही गळ्यातलं बटण घेऊन दिलं होतं. चांगलं होतं, पाण्यात भिजलं तरी चालणारं. ते पडले तेव्हा बटण बाथरूमच्या दाराआडच्या खिळ्याला टांगलेलं होतं आणि ते बाहेरच्या खोलीत, दिवाणाजवळ. नंतर विचारलं, तर म्हणाले, "गळ्यात घातलं की आजारी असल्यासारखं वाटतं गं." आम्ही ते घेतलं होतं आमच्या मनःशांतीसाठी. ते गळ्यात घालण्यात त्यांचा काय फायदा, हे त्यांच्याशी आम्ही कधी बोललोच नव्हतो. ती चूक आमची होती. तुम्ही ती करू नका म्हणून लिहिते आहे.

बराच वेळ जमिनीवर पडून राहणं इतकं घातक का, हे आईलाही समजावून सांगा. पडताना हाड मोडलं नाही म्हणजे निभावलं, असं तिला वाटत असेल. तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाब पडलेली कातडी फुटते, शरीर थंड पडतं, पाणी कमी होतं. स्नायू दबून त्यांच्यातले घटक रक्तात उतरतात आणि त्याचा मूत्रपिंडांवर भार येतो. म्हणजे साध्या पडण्याचं मोठ्या आजारपणात रूपांतर होतं ते मधल्या तासांमुळे. लांबून मदत करणारी सेवा खरी उपयोगी पडते ती हे तास कमी करायला. ती पडणं थांबवत नाही.

पडणं थांबवायला वेगळं काम करावं लागतं, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून थोडं रागावून लिहिते. दोन महिने झाले, आई का पडली हे कुणी तपासलं का? रात्री अंथरुणातून एकदम उठल्यावर बीपी उतरतं का, हे घरीही बघता येतं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजायचं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शेजारी कुणीतरी उभं असताना, एकटीने नाही. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. झोपेची गोळी चालू आहे का? बीपीच्या गोळीची मात्रा शेवटची कधी बदलली? चष्म्याचा नंबर? सगळ्या औषधांची पाकिटं कॅमेऱ्यासमोर एकेक करून धरायला लावा आणि डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर ती यादी एकदा तपासून घ्या. हासुद्धा लांबून केलेला सांभाळच आहे, आणि त्यासाठी कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

दुसरं, व्यायाम. २०१९ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १०८ चाचण्यांमधल्या २३ हजारांहून जास्त वयस्क लोकांची माहिती एकत्र केली होती. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि त्यात तोल आणि पायातली ताकद वाढवणाऱ्या व्यायामांचा वाटा मोठा होता. रोजचं चालणं चांगलंच, पण पडू नये म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, आधार हाताशी ठेवून एका पायावर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं लावत सरळ रेषेत चालणं, अशा गोष्टी फिजिओथेरपिस्टकडून तिच्या प्रकृतीप्रमाणे ठरवून घ्यायच्या. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या ५०३ लोकांपैकी साधारण निम्म्यांना टॅब्लेटवरून घरच्या घरी असे व्यायाम दिले. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही, पण दोन वर्षांच्या हिशेबात पडण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे चिकाटी लागते. दर आठवड्याला एक व्हिडिओ कॉल फक्त या व्यायामाचा ठेवता आला, तुम्ही तिकडे आणि ती इकडे दोघींनी एकत्र करायचा, तर माझ्या मते तुमच्या यादीतल्या निम्म्या यंत्रांपेक्षा तो जास्त कामाचा ठरेल.

आणि जमिनीवरून उठायचं कसं, हे तिला शिकवून घ्या. कुशीवर वळायचं, कोपरावर, मग गुडघ्यांवर यायचं, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, हात खुर्चीवर टेकून बळकट पाय पुढे घ्यायचा आणि वळून बसायचं. हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चार वेळा केलेलं असलं, की पडल्यावर माणूस घाबरून हातपाय गाळत नाही.

आता यंत्रांकडे येते.

मदतीचं बटण ही काही नवी गोष्ट नाही. जर्मनीत विल्हेल्म होरमान यांनी आणि अमेरिकेत अँड्र्यू डिबनर या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच अशा घंटांच्या सेवा उभ्या केल्या. पन्नास वर्षांत बटण लहान झालं. प्रश्न मात्र तोच राहिला: बटण दाबल्यावर पलीकडे कोण आहे? बहुतेक लोक इथेच फसतात. आपण यंत्राची तुलना करत बसतो, कुणाची बॅटरी किती दिवस, कुणाचं अ‍ॅप सोपं. तुलना पलीकडच्या माणसांची करायला हवी.

हृदय अशक्त झालेल्या रुग्णांवर झालेल्या दोन चाचण्यांचं उदाहरण देते. अमेरिकेत १,६५३ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना रोज एका नंबरवर फोन करायला सांगितलं. यंत्राचा आवाज प्रश्न विचारणार, रुग्णाने वजन आणि लक्षणं फोनची बटणं दाबून कळवायची, आणि दवाखान्यातली माणसं ती माहिती कामाच्या दिवशी बघणार. २०१० साली निकाल आला. सहा महिन्यांत पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूत काहीच फरक नव्हता. १४ टक्के लोकांनी तर ती सेवा एकदाही वापरली नाही. यानंतर जर्मनीत १,५७१ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्या घरी वजनकाटा, बीपीचं यंत्र आणि ईसीजी दिलं, रोजची माहिती बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या केंद्रात जायची, तिथे डॉक्टर आणि परिचारिका रात्रंदिवस हजर असायच्या आणि आकडा बिघडला की स्वतःहून फोन करायच्या. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. वर्षाला दर शंभर रुग्णांमागे मृत्यू साधारण ११ वरून ८ वर आले होते. दोन्ही चाचण्यांत इतरही फरक होते, मला मान्य आहे. पण मी यातून घेते ते हे: आकडा घरातून निघाला एवढ्याने भागत नाही. रात्री अडीच वाजता तो वाचणारं आणि लगेच हालचाल करणारं माणूस पलीकडे लागतं.

म्हणून सेवा घेण्याआधी त्यांना फोन करा. रविवारी रात्री करा, मुद्दाम. किती वेळाने उचलतात? आईच्या भाषेत बोलणारं कुणी आहे का, की घाबरलेल्या बाईला परक्या भाषेत उत्तरं द्यावी लागणार? बटण दाबल्यावर ते आधी कुणाला फोन करतात, आणि तुम्ही दोघंही झोपेत असाल, शेजारच्या काकू गावाला गेल्या असतील, तर मग काय? त्यांचं स्वतःचं माणूस घरी येतं का, की ते फक्त फोन फिरवतात? हा प्रश्न विचाराच. बऱ्याच सेवा फक्त फोन फिरवतात, आणि जाहिरातीत हे सहजासहजी लक्षात येत नाही. आणि आलेलं माणूस आत कसं शिरणार? आतून कडी घातलेली असेल तर रुग्णवाहिका दारात येऊन उभी राहील आणि दार तोडावं लागेल. किल्ली कुणाकडे आहे, आकड्यांच्या कुलुपाची छोटी पेटी बाहेर बसवायची का, आतली कडी काढून बाहेरून उघडणारं कुलूप लावायचं का, हे ठरल्याशिवाय पैसे भरू नका.

वीज आणि इंटरनेट गेलं तर काय होतं, तेही विचारा. ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारांवरचे जुने फोन बंद करून इंटरनेटवरचे द्यायला घेतले, तेव्हा जुन्या फोनवर चालणाऱ्या घंटा काही घरांत बंद पडल्या. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार आणि फोन कंपन्यांना बसून ठरवावं लागलं की सुरक्षिततेची खात्री होईपर्यंत अशा घरांची लाइन सक्तीने बदलायची नाही, आणि जुन्या लाइन पूर्ण बंद करण्याची मुदत पुढे जानेवारी २०२७ पर्यंत नेली गेली. एका देशाची गोष्ट आहे, पण धडा सगळीकडे लागू आहे. यंत्रात सिमकार्ड आहे का, बॅटरी किती तास टिकते, आणि यंत्र बंद पडलं तर ते तुम्हाला आपणहून कळवतं का?

बटण गळ्यात की मनगटावर, हे आईला ठरवू द्या. मनगटावरचं घड्याळासारखं दिसतं, म्हणून अनेकांना ते बरं वाटतं. पडल्याचं आपोआप ओळखणारी घड्याळंही आहेत, अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे. पण ती जोरात आदळल्याचं ओळखतात. भिंतीला धरून हळूहळू खाली घसरलेलं माणूस त्यांच्या लक्षात येईलच असं नाही, आणि म्हातारपणी असं घसरणं पुष्कळ होतं. दुसरी अडचण चार्जिंगची. घड्याळ रोज रात्री चार्जिंगला लावून झोपायचं म्हटलं, तर आई ज्या वेळी पडली नेमक्या त्याच वेळी ते टेबलावर असणार. म्हणून तिच्यासाठी मी साधं, महिनोन्‌महिने चालणारं, अंघोळीतही न काढायचं बटण निवडेन. बाथरूममध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर ओढायची एक दोरीही बसवून घ्या, म्हणजे खाली पडल्यावर हाताला लागते.

आता कॅमेरा. माझं मत सरळ आहे. स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या बाईच्या झोपायच्या खोलीत आणि बाथरूमच्या वाटेवर कॅमेरा लावू नये. ती नको म्हणते आहे, तेवढं पुरेसं आहे. त्याच्याही पलीकडे बघा. दादा दिवसभर तो कॅमेरा बघत बसणार आहे का? रात्री बघणार आहे का? नसेल, तर ती पडली तेव्हा कॅमेऱ्याने फक्त पाच तासांचं चित्रण केलं असतं. आणि असं सतत बघितलं जात असताना माणूस आपल्याच घरात अवघडून वावरतो, पदर सावरत, गुणगुणायचंही थांबवत. हे दादाला तुमच्या शब्दांत सांगा. आपल्या खोलीत असा कॅमेरा त्याला चालेल का, एवढं विचारलं तरी पुरे.

न बघताही कळवणारे मार्ग आहेत. भिंतीवरचे हालचाल ओळखणारे छोटे सेन्सर, दार उघडलं-मिटलं सांगणारी पट्टी, गादीखालचा सपाट सेन्सर. ते चित्र काढत नाहीत, आवाज टिपत नाहीत. रोज सातला उठणारी बाई नऊपर्यंत अंथरुणातून उठली नाही, किंवा रात्री बाथरूमकडे गेली आणि वीस मिनिटांत परतली नाही, तर निरोप जातो. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ सालापासून याहून साधी गोष्ट केली. पाणी गरम ठेवण्याचं विजेचं भांडं वापरलं गेलं की लांबच्या मुलांना संदेश. आई उठली, तिने पाणी घेतलं, दिवस सुरू झाला, एवढंच कळतं. मला ही कल्पना फार आवडते, कारण म्हाताऱ्या माणसाला त्यासाठी काहीही अंगावर घालावं लागत नाही, लक्षात ठेवावं लागत नाही, आणि तिच्याबद्दल गरजेपेक्षा जास्त काही कुणाला कळत नाही.

पण सेन्सरही सुरुवातीला खोटे निरोप पाठवतात. मैत्रीण राहायला आली, आई दुपारी बाहेर गेली, की तिकडे गजर. पहिले तीन-चार आठवडे हा गोंधळ होणार हे गृहीत धरा, आणि "तुझ्यामुळे गजर वाजला" असं चुकूनही म्हणू नका. ही माहिती कुणाकुणाला दिसते, किती दिवस साठवतात, सेवा बंद केली तर पुसतात का, हे लेखी घ्या. जे जे तुमच्या फोनवर दिसतं ते आईच्याही फोनवर दिसायला हवं. आणि तिला ते काही तासांसाठी बंद करायची मुभा हवी. मुभा असली की माणूस सहसा बंद करत नाही, असं मी पाहिलं आहे.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवते. आईला स्मृतिभ्रंश असता, ती घरातून बाहेर पडून वाट चुकत असती, गॅस चालू ठेवून विसरत असती, तर माझा सल्ला बदलला असता. तुमच्या पत्रातली आई तशी नाही. स्वतःचे हिशेब ठेवणारी आणि मुलांना तोंडावर नाही म्हणणारी बाई आहे ती.

औषधांच्या डब्याबद्दल थोडक्यात. ठरल्या वेळी वाजणारा, त्या वेळचाच कप्पा उघडणारा आणि गोळी घेतली नाही तर कळवणारा डबा मिळतो. ती गोळ्या विसरत असेल तर घ्या. विसरत नसेल तर कशाला? उगाच घेतलेलं प्रत्येक यंत्र तिला सांगत राहतं की तुझ्यावर भरवसा नाही. बीपी आपोआप पाठवणाऱ्या यंत्राचंही तसंच. डॉक्टर ते आकडे बघायला आणि त्यावरून गोळी बदलायला तयार असतील तर ते फार कामाचं आहे. नुसते तुमच्या फोनवर येणार असतील, तर तुमची झोप उडेल आणि आईचं बीपी आहे तिथेच राहील.

दादाला पटवण्यासाठी आणि तुम्ही स्वतः जाहिरातींना भुलू नये यासाठी एक निकाल सांगून ठेवते. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल, केंट आणि न्यूहॅम या तीन भागांत घरातल्या सेन्सर-घंटांच्या सेवेची मोठी चाचणी झाली होती. सुमारे २,६०० लोक, एक वर्ष. २०१३ साली निकाल आला: ही सेवा असलेल्या लोकांचं रुग्णालयात भरती होणं लक्षात येण्याइतकं कमी झालं नव्हतं. तेव्हा "आमचं यंत्र घ्या, दवाखाना टळेल" असं कुणी म्हणालं तर मान हलवून पुढे जा. पडल्यावर लवकर मदत मिळावी आणि रात्री घरात एकटीला जरा निर्धास्त वाटावं, एवढ्यासाठी घ्या. ते काही कमी नाही.

आणखी एका धोक्याकडे बघा. सेवा सुरू झाली की मुलांचे फोन हळूहळू कमी होतात. अ‍ॅपवर सगळं हिरवं दिसतं ना, मग ठीक आहे. जे फोन होतात तेही "बीपी किती? गोळी घेतलीस? बटण गळ्यात आहे ना?" असे, परिचारिकेचे वाटावेत असे. फ्रान्सच्या टपाल खात्याने २०१७ साली एक सेवा सुरू केली. मुलांनी पैसे भरले की पोस्टमन ठरलेल्या दिवशी त्यांच्या आईवडिलांकडे जातो, चार शब्द बोलतो आणि कसे आहेत ते मुलांना कळवतो. लांबून सांभाळणाऱ्या माणसांना शेवटी दारात उभं राहणारं कुणीतरी लागतं, हे त्यातून दिसतं. तुमच्याकडे शेजारच्या काकू आहेत. त्यांना गृहीत धरू नका. फोन करून नीट विचारा, की रात्री हाक आली तर तुम्हाला जमेल का, आणि नाही म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका. हो म्हणाल्या तर त्यांच्या जोडीला दुसरं नाव शोधा, एकाच माणसावर भार नको. तुमचे स्वतःचे फोन मात्र यंत्रांपासून वेगळे ठेवा. व्यायामाचा एक सोडला तर बाकीच्या फोनवर तब्येतीचा विषय आईने काढला तरच.

एकटीने राहणं कुठवर, याचंही बोलणं आत्ताच होऊ दे, सगळं बरं असताना. तिलाच विचारा: कुठल्या गोष्टी झाल्या तर तुला स्वतःलाच वाटेल की आता कुणीतरी सोबत हवं? सहा महिन्यांत तीनदा पडलीस तर? रात्री उठायची भीती वाटायला लागली तर? तेव्हा आधी घरात माणूस ठेवायचं, की तुमच्याकडे यायचं, की आणखी काही, हा क्रमही तिने सांगावा. तिच्या हाताने कागदावर लिहून घ्या आणि त्याची एकेक प्रत तिघांकडे ठेवा. पुढे कधी दादा घाबरून काही बोलला, तर तो कागद समोर ठेवता येईल. आणि आई पुन्हा काही लपवू लागली, तरीही.

जबरदस्ती होईल का, असं तुम्ही विचारलं आहे. तिला आधी विचारून, दोन-तीन गोष्टी समोर ठेवून, "महिनाभर वापरून बघ, नाही आवडलं तर काढून टाकू" असं म्हणालात आणि खरोखर काढून टाकायची तयारी ठेवलीत, तर होणार नाही. मुलींना वाटत राहतं की आपण तिथे नाही, म्हणून निदान यंत्र तरी असावं. तुमच्या रात्ररात्र जागून वाचण्यात ते मला दिसतं. पण त्या वाटण्याचं ओझं आईच्या गळ्यात नको.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हापर्यंत काही आणू नका, फक्त बोलणी करून ठेवा: डॉक्टर, काकू, दादा. तोवर एकटं राहायला आई नको म्हणाली, तर बटण मात्र आधीच पाठवा. घरी पोहोचलात की पहिल्या-दुसऱ्या दिवशी, सेवेच्या माणसांना आधी कळवून, एक तालीम करा. रात्री दिवे मालवा. आईला झोपायच्या खोलीत बसू दे, दार नेहमीसारखं लावलेलं असू दे, तुम्ही स्वयंपाकघरात थांबा आणि मध्ये पडू नका. बटण तिलाच दाबू दे. पलीकडून येणाऱ्या आवाजाशी तीच बोलेल. तुम्ही फक्त घड्याळ बघा, आणि बाहेरून दार उघडायला किती मिनिटं लागली ते लिहून घ्या.